सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस

सोमवारी सकाळी साबातिनो कापुओत्सोने वडिलांच्या फोटोवरची धूळ स्वतः पुसायचं ठरवलं. एवढंच ठरवलं. त्यात वाईट काही नव्हतं. त्याचं वय शहात्तर, स्टूल थोडं तरुण. आधी स्टूल डगमगलं, असं साबातिनोचं म्हणणं. बायको ओलिंपिया सांगते, दोघं एकदमच गेले.

दुपारपर्यंत उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डॉक्टर म्हणाला, "चाळीस दिवस जिना उतरायचा नाही."

"शनिवारी?"

"शनिवार चाळीस दिवसांतच येतो."

डॉक्टर मिलानचा होता. त्याला काय कळणार.

शनिवारी नेपल्सचं चक्र फिरतं आणि नव्वदांतून पाच आकडे निघतात. साबातिनो त्यावर तीन आकडे लावतो. पन्नास, चौतीस, अठ्ठेचाळीस. एकेचाळीस वर्षं हेच तीन, दर शनिवारी. मुलगी जन्मली त्या शनिवारीही लावले होते. आईला पुरलं त्या शनिवारी तो स्मशानातून थेट लोट्टोच्या दुकानात गेला होता, काळ्या टायसकट. एकेचाळीस वर्षांत ते तिघे एकदाही एकत्र आले नव्हते. म्हणून तर थांबता येत नव्हतं. जो शनिवार आपण चुकवू त्याच शनिवारी तिघे हातात हात घालून बाहेर येणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. मग उरलेलं आयुष्य गल्लीचे चेहरे बघत काढायचं. त्यापेक्षा दुसराही पाय मोडलेला बरा.

हे आकडे त्याला वडिलांनी दिले. वडील तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. स्वप्नात आले, हातात पाव होता, डोकं हलवत होते आणि काहीतरी बोलले. नेपल्समध्ये प्रत्येक गोष्टीला आकडा आहे, पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. पाव पन्नास. डोकं चौतीस. भीती नव्वद. मूर्ख तेवीस. मेलेला माणूस सत्तेचाळीस. मेलेला माणूस बोलला, तर अठ्ठेचाळीस.

आणि इथेच घरात एकेचाळीस वर्षांचं भांडण होतं.

"काय बोलले?" ओलिंपियाने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं होतं.

"ऐकू आलं नाही. पण ओठ हलले."

"हातात पाव होता ना? चावत असतील."

"माझे वडील स्वप्नात पाव चावायला येतील?"

"जिवंतपणी तरी कधी दुसरं काही केलं त्यांनी? माझ्या लग्नात तीन दिवस राहिले, एक शब्द बोलले नाहीत. जाताना 'बरं' म्हणाले. मेल्यावर कुठून बोलतील? सत्तेचाळीस लाव."

त्याने अठ्ठेचाळीस लावला. दुसरा कोणी असता तर एखाद्या शनिवारी दोन्ही लावून बघितले असते. साबातिनो तसला माणूस नव्हता. बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली, पण साहेबासमोर कधी शब्द फिरवला नाही. (त्याला बढती मिळाली नाही त्याचं कारण हेच, असं तो सांगतो. साहेब वेगळं सांगायचे.)

पाय मोडला तरी सोय होती. त्याच्या गल्लीत बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. पाव, मासे, सिगारेट, सगळं टोपलीतून वर येतं. समोरच्या बाजूला तळमजल्यावर एर्मेलिंडाचं लोट्टोचं दुकान. शनिवारी टोपलीत पैसे आणि चिठ्ठी टाकायची, एर्मेलिंडाने तिकीट छापून टोपलीत टाकायचं, वर आलं की ते वडिलांच्या फोटोखाली ठेवायचं आणि क्रूसाची खूण करायची. गुरुवारी त्याने रंगीत तालीम म्हणून टोपली सोडून दोन सिगारेट मागवल्या.

टोपली वर येत असताना खालून मासेवाला कातेल्लो ओरडला, "काका, एवढी दोरी कशाला ओढता? काकूंच्या फोनवर लोट्टो आहे ना! नोएमीने ईस्टरला घालून दिलाय. बोट दाबलं की झालं!"

नोएमी म्हणजे साबातिनोची नात. शिकलेली. ईस्टरला तिने आजीच्या फोनवर हे प्रकरण चढवलं तेव्हा साबातिनो जेवणाच्या टेबलावरून उठून गेला होता. (गोड खायला परत आला.)

तो कठड्याला धरून उभा राहिला. गल्लीला ही उभं राहण्याची ढब माहीत होती. लोकांनी काम थांबवलं.

"ऐका! हा खेळ कुठून आला ठाऊक आहे कुणाला? जेनोवाहून. तिकडे नव्वद सरदारांची नावं पेटीत टाकून पाच जण राज्यकारभाराला निवडायचे. लोक नावांवर पैसे लावायचे. मग लोकांच्या लक्षात आलं की पैसे लावायला सरदार लागतच नाहीत, आकडे पुरतात. सरदार गेले, आकडे राहिले. इतकी शहाणी गोष्ट या देशात पुन्हा झाली नाही!"

"वा काका!"

"माझ्या लहानपणी आठवड्यातून एकदा, शनिवारी, सगळ्यांसमोर आकडे निघायचे. डोळे बांधलेलं अनाथाश्रमातलं लेकरू चक्रात हात घालायचं. खाली हजार माणूस. कुणी रडायचं, कुणी त्या लेकराला शिव्या द्यायचं. त्याला म्हणतात लोट्टो! मग आठवड्यातून दोनदा केला. मग तीनदा. आता चारदा. आणि दुसरा तो खेळ, दर पाच मिनिटांनी निकाल! पाच मिनिटांत माणसाने आशा करायची कधी? आणि आता म्हणे फोनवर. माणूस नाही, चक्र नाही, तिकीट नाही. हवेवर पैसे लावा! मी हात तोडून घेईन, पण फोनवर आकडा लावणार नाही. फोनवर आकडा लावणारा माणूस म्हणजे तेवीस! लिहून ठेवा!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. मूर्खाचा आकडा तोंडावर फेकला की नेपल्समध्ये वेगळी शिवी द्यावी लागत नाही. एर्मेलिंडा जेवणाच्या सुट्टीसाठी शटर ओढत होती. तिने खडूचा तुकडा घेतला आणि शटरवर खरंच लिहिलं : फोनवर आकडा लावणारा २३.

"खाली नाव घाल," साबातिनो वरून म्हणाला. "कोण म्हणालं ते कळू दे."

तिने नाव घातलं.

"मोठं लिही. इथून वाचता आलं पाहिजे."

तिने मोठं लिहिलं. साबातिनो त्या दुपारी पोटभर जेवला.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला त्याने टोपली खाली सोडली. टोपली परत आली तेव्हा पैसे तसेच होते. चिठ्ठीवर एर्मेलिंडाचं अक्षर होतं. सकाळपासून लाईन बंद, मशीन मेलं, माणूस सोमवारी येणार.

साबातिनोने चिठ्ठी तीनदा वाचली. साडेसातला आकडे घेणं बंद होतं, आठला निकाल.

"वरच्या चौकात दुसरं दुकान आहे," ओलिंपिया म्हणाली.

"त्या माणसाच्या दुकानात मी पाय ठेवत नाही."

"पाय तसाही प्लास्टरमध्ये आहे. मी जाते."

"जा. चिठ्ठी घे."

ओलिंपियाने चिठ्ठी वाचली. "सत्तेचाळीस लिही, जाते."

"अठ्ठेचाळीस."

"माझे गुडघे, माझी चढण. तुझे वडील बोलले नाहीत एवढं कबूल कर, धावत जाते."

"बोलले होते!"

"मग त्यांनाच सांग जायला." ती कपड्यांची टोपली उचलून गच्चीवर वाळलेले कपडे काढायला निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सात वाजून पाच मिनिटं. खालून कुणाला तरी पाठवावं, तर साबातिनोची अडचण सगळ्या गल्लीला कळणार, आणि तो कुणाकडे काही मागायला जन्मला नव्हता. स्वयंपाकघरात टेबलावर ओलिंपियाचा फोन पडला होता.

साबातिनोने त्याच्याकडे पाहिलं. मग बाल्कनीचं दार लावून घेतलं. मग पडदाही ओढला.

फोनने चार आकडे मागितले. त्याने ओलिंपियाचं जन्मसाल घातलं. उघडेना. लग्नाचं साल घातलं. उघडेना. मग त्याच्या डोक्यात एक वाईट विचार आला. त्याने दाबलं : चार, सात, चार, सात.

फोन उघडला.

"म्हातारी," तो दात खाऊन म्हणाला, आणि पुढे गेला.

पुढचं त्याच्या अपेक्षेपेक्षा सोपं निघालं, याचाच त्याला राग आला. नोएमीने आत जायचा रस्ता मोठ्या अक्षरात ठेवला होता. शहरांची यादी आली. बारी सगळ्यात वर. बारीवर आकडा लावायला साबातिनो काय वेडा होता? त्याने नापोली शोधून दाबलं. पन्नास. चौतीस. अठ्ठेचाळीस. दोन युरो. खाली हिरवी पट्टी आली, 'खेळा'. त्याने जाड बोटाने दाबलं. पडद्यावर आणखी काहीतरी आलं, पण तो तोपर्यंत वाचायचा चष्मा काढून बसला होता. (ते 'नक्की करा' होतं. फोन विचारत होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याला दुसऱ्यांदा कुणी काही विचारलं नव्हतं.)

तो तिकिटाची वाट बघत राहिला. एक मिनिट. फोनच्या कडा पाहिल्या. कागद कुठून बाहेर येईल अशी फट कुठेच नव्हती.

मग त्याला कळलं. तिकीट म्हणजे फोनच. आता तिकीट जिथे ठेवायचं तिथे हा ठेवायचा. आपण एका यंत्राला हरवलं, असं त्याला वाटलं. कुबडी काखेत, फोन मुठीत आवळून तो बैठकीच्या खोलीत गेला. मूठ बसच्या वर्कशॉपची. तिच्यात फोनच्या कडेची दोन बटणं एकदम दाबली गेली, आणि आंधळ्या माणसांसाठी फोन जे वाचून दाखवतो ते चालू झालं. साबातिनोला काही जाणवलं नाही. त्याने वडिलांच्या फोटोखाली छोट्या लाल दिव्याशेजारी फोन पालथा ठेवला. क्रूसाची खूण केली.

"बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "मी शब्द मोडला. पण तुमचा आकडा मोडला नाही. आता तुम्हीच बघा."

फोटोतले वडील नेहमीप्रमाणे बघत होते. मोठ्या मिश्या, बंद ओठ. घड्याळात सात वाजून एकोणीस मिनिटं. सगळं शांत.

आणि वडील बोलले.

"तुमची वेळ संपली आहे," वडील म्हणाले. आवाज जाड होता, खाकरलेला, एकेक शब्द तोडत. "आत येण्यासाठी दोनदा दाबा."

साबातिनो कधी घाबरत नाही. भूकंपात गल्ली रस्त्यावर झोपली तेव्हा तो पलंगावर झोपला होता. म्हणून पुढे जे झालं त्याला काय म्हणायचं ते वाचकाने ठरवावं. कुबडी एका कोपऱ्यात गेली. पडदा दांडीसकट खाली आला. साबातिनो एका पायावर, पडदा खांद्यावर घेऊन, बाल्कनीत पोचला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

"बाबा! बाबा बोलले!"

खाली कातेल्लोच्या हातातून मासा पडला.

"कोणाचे बाबा?"

"माझे! फोटोतून! म्हणाले माझी वेळ संपली! आत ये म्हणाले!"

"येशू, मारिया," एर्मेलिंडाने छातीवर हात ठेवला. दारांतून, खिडक्यांतून माणसं बाहेर आली. एक क्षण सगळे गप्प. हा क्षण दुःखाचा होता असं बाहेरच्या माणसाला वाटलं असतं. नेपल्सच्या माणसाला कळलं असतं की सगळे मनात आकडे मोजताहेत.

"मेलेला माणूस बोलला," कातेल्लो हळूच म्हणाला. "अठ्ठेचाळीस."

"आणि काका कसे पांढरे पडलेत बघ. नव्वद," एर्मेलिंडा म्हणाली.

"काका, बाबा नक्की बोलले ना? नुसते ओठ नाही ना हलले?"

"स्वतःच्या कानांनी ऐकलं!" साबातिनो गरजला. भीती होती की नव्हती ते सोडा, पण तिच्या जागी आता दुसरंच काहीतरी चढत होतं. एकेचाळीस वर्षं! "बोलले! स्पष्ट बोलले! अठ्ठेचाळीस!"

आणि मग त्याने ते पाहिलं. कातेल्लोने अंगावरच्या रबरी एप्रनमधून फोन काढला. न्हाव्याने काढला. कोपऱ्यावरच्या दोन्ही विधवांनी काढले. ज्या एर्मेलिंडाने शटरवर लिहिलं होतं, तिनेही स्कर्टच्या खिशातून फोन काढला. सगळ्यांचे अंगठे चालू झाले, सराईत, न बघता.

"तुम्हीसुद्धा?"

"काका, माझी लाईन बंद आहे," एर्मेलिंडा मान वर न करता म्हणाली. "आणि बोलू नका, नऊ मिनिटं राहिलीत."

त्याच वेळी ओलिंपिया गच्चीवरून खाली आली. काखेत कपडे. जिन्यात तिने सगळं ऐकलं होतं. तिने कोपऱ्यातली कुबडी पाहिली, पडलेला पडदा पाहिला, आणि मग फोटोकडे पाहिलं.

"आत येण्यासाठी दोनदा दाबा," सासरे म्हणाले.

ओलिंपियाने कपडे खुर्चीवर ठेवले. फोटोखालचा फोन उचलला, दोन बटणं दाबून त्याला गप्प केलं, चष्मा लावला आणि फोनच्या पडद्यावर काय आहे ते वाचलं. मग ती कोचाच्या कडेला बसून दोन मिनिटं काहीतरी करत होती. नंतर तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला, साबातिनोला कुबडी आणून दिली आणि खुर्चीवर बसवलं.

"बाबा बोलले," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"तू ऐकलंस?"

"माझ्या कानांनी."

साबातिनोने डोळे मिटले. त्याला लग्नाच्या दिवशीसुद्धा इतकं समाधान वाटलं नव्हतं. "एकेचाळीस वर्षं, ओलिंपिया."

"हो. कॉफी घे."

आठला सगळी गल्ली बाल्कनीखाली जमली. साबातिनो कठड्याला टेकून उभा होता, पडदा अजून एका खांद्यावर. ओलिंपिया मागे दारात. कातेल्लो मासे ठेवायच्या खोक्यावर चढला आणि फोनवरून वाचू लागला.

"नापोली! पहिला... अकरा!"

"पुढे!"

"अडुसष्ट!"

"पुढे बोल रे!"

"सत्तेचाळीस."

एकेक करून सगळी तोंडं वर वळली.

"नीट वाच," साबातिनो म्हणाला.

"नीट वाचलं, काका. सत्तेचाळीस. मेलेला माणूस. गप्प."

"पुढचे वाच!"

"पाच. आणि तेवीस. झाले पाच."

अठ्ठेचाळीस नव्हता. पन्नास नव्हता, चौतीस नव्हता, नव्वदसुद्धा नव्हता. खाली जमलेल्यांपैकी एकालाही दमडी लागली नव्हती. न्हावी म्हणाला, "काका, पाच युरो लावले मी तुमच्या शब्दावर." एक विधवा म्हणाली, "मी दहा लावले." कातेल्लो म्हणाला, "बाबा बोलले होते ना?"

"बोलले होते!" साबातिनोने कठड्यावर मूठ मारली. "मी ऐकलं! माझ्या बायकोने ऐकलं! चक्र खोटं बोलतंय, माझे वडील नाही! सांग त्यांना, ओलिंपिया!"

ओलिंपिया पुढे आली. तिने एप्रनमधून फोन काढला.

"बोलला तो फोन," ती सगळ्यांना म्हणाली. "फोटोखाली ठेवला होता, पालथा. याने त्यावर आकडे लावले, पण 'नक्की करा' दाबलंच नाही. याचे आकडे गेलेच नव्हते. वडील गप्प होते. जिवंत होते तसेच." मग तिने फोन वर धरला. "मी सत्तेचाळीस, तेवीस आणि नव्वद लावले होते. सत्तेचाळीस आणि तेवीस लागले. तिघांतले दोन आले तरी पैसे मिळतात. दीडशे युरो."

खाली इतक्या जोरात आरडाओरडा झाला की गल्लीच्या टोकाचा कुत्राही भुंकू लागला. काही जण तिला आशीर्वाद देत होते, काही जण साबातिनोला दुसरंच काही.

साबातिनो तसाच उभा होता. दुसरा माणूस आत गेला असता. साबातिनो आत गेला नाही. त्याने खांद्यावरचा पडदा नीट केला, एखाद्या न्यायाधीशाने झगा नीट करावा तसा.

"थांबा," तो म्हणाला. "नव्वद आला का?"

"नाही, काका."

"नव्वद म्हणजे काय?"

"भीती."

"आला नाही ना? मग झालं." त्याने हनुवटी वर केली. "मी घाबरलो नव्हतो. आकड्यांनीच सांगितलं. लिहून ठेवा!"

एर्मेलिंडाने फोन खिशात टाकला, दुकानाचा दिवा विझवला आणि दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. खडूची अक्षरं एकेक ओळ उतरत जमिनीपर्यंत आली आणि थांबली. गुरुवारी त्याने मोठी करून घेतली होती ती. तिसऱ्या मजल्यावरून चष्म्याशिवाय वाचता येत होती.